माका म्हायत नाय

राउटर विकत घेताना दुकानदाराला प्रश्न विचारायचे असतात, ही गोष्ट मला राउटर घरी आल्यावर पत्नीकडून समजली.

वस्तुतः मी तयारी करून गेलो होतो. मालवणच्या बाजारातील त्या दुकानापर्यंत जाताना एसटीत मी एक वाक्य मनातल्या मनात घोळवले होते : ‘मला घरगुती वापरासाठी एक चांगल्या प्रतीचा राउटर हवा आहे, कृपया त्यातील प्रकार समजावून सांगाल का?’ वाक्य निर्दोष होते. स्वल्पविरामसुद्धा योग्य जागी होता. परंतु काउंटरपाशी पोचल्यावर त्यातला ‘राउटर’ एवढाच शब्द बाहेर पडला. (उभा जन्म शाळेत संस्कृत शिकवण्यात गेला खरा, पण वर्गात बोलणे सोपे असते. तिथे समोरचे उलट काही विचारत नाहीत.)

“घर केवढा?” दुकानदाराने विचारले.

“मध्यम,” मी म्हणालो.

“भिंती कसल्यो?”

“जांभ्या चिऱ्याच्या.”

“मगे चार कानांचो न्हेया,” खोक्यावरच्या चित्रातल्या अँटेनांवर बोट ठेवत तो म्हणाला. “ दोन कानांचो चिऱ्याक पुरो पडाचो नाय.”

एवढे बोलून त्याने माझ्यासमोर खोक्यांची उतरंड रचली आणि प्रत्येकाचे गुण सांगायला सुरुवात केली. त्यातले मला अक्षरही कळत नव्हते, म्हणून मी दर वाक्याला मान डोलवत होतो. शाळेतली मुले माझ्याकडे बघून अशीच मान डोलवीत असत. त्या डोलण्याचा खरा अर्थ मला त्या काउंटरवर, इतक्या उशिरा, उमगला! तेवढ्यात मागे उभा असलेला एक ग्राहक खाकरला. आपल्यामुळे कोणाचा तरी खोळंबा होतो आहे या जाणिवेने मी कासावीस झालो, हाताशी असलेल्या खोक्यावर बोट ठेवले आणि निवड पूर्ण झाली.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी, स्वाती, पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. कोंदट खोली, डब्यातले जेवण आणि सततचा खोकला यांना ती कंटाळली होती. तिने धीर करून घरून काम करण्याची परवानगी मागितली. कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, आधी गावाहून एक मीटिंग करून दाखव. चित्र आणि आवाज नीट आला तर खुशाल तिथे राहा, नाही तर त्याच दिवशी परत नीघ. आमच्या घरात मोबाईलची रेंज येत नाही. विहिरीपाशी गेल्यास बोलण्यापुरती येते, तीही एका विशिष्ट दगडावर उभे राहिल्यास. तेव्हा घरी इंटरनेट घेणे आले. “काळजी करू नकोस, इंटरनेटचे मी बघतो,” असे मी स्वातीला सांगून टाकले. इतके धाडसी विधान मी आयुष्यात केले नव्हते. सुलभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, हातातले काम टाकून माझ्याकडे पाहिले होते.

राउटर बसवायला केबलवाला बाबी आला. माडावरून पोफळीवर आणि पोफळीवरून आमच्या पन्हळीवर अशी त्याने वायर आणली. राउटर कुठे ठेवावा यावर चर्चा सुरू झाली आणि मी मागच्या दारी विहिरीचा पंप पाहायला गेलो. (पंपाला काही झाले नव्हते.) सुलभाने राउटरची जागा ठरवली : पडवीची खिडकी.

“वयनी, खिडकीत कित्याक?” बाबी म्हणाला. “अर्धी रेंज भायर जातली!”

“जावंदे. त्याका जरा वारो लागाक होयो. हात लावून बघ, किती तापता तो!”

थोड्या वेळाने बाबीचा आवाज आला, “वयनी, पासवर्ड काय ठेवूया?”

“माका म्हायत नाय! तेंका इचार.”

‘तेंका’ म्हणजे मी. आता बाबी मला शोधत मागे येणार आणि उभ्याउभ्या मला पासवर्ड सुचावा लागणार, या कल्पनेने मी पंपाआड सरकलो. ‘विद्या’ ठेवावे की ‘सरस्वती’? पण बाबी आलाच नाही! स्वतःच्या मोबाईलवर नेट लावून त्याने सुलभाला दाखवले, “झाला!” म्हणाला, आणि राउटरच्या पाठीवरचे एक बारीक भोक दाखवून बजावले, “हयसर टाचणी टोचू नुको हां. सगळा पुसान जाईत.” मग तो देवबागला कोणाच्या तरी होमस्टेचे काम होते तिकडे निघून गेला. सुलभाने राउटरला हळदकुंकू लावले, वर जास्वंदीचे फूल ठेवले आणि फर्मावले, “चेडू येयत, तेनाच पयला लावूचा. तवसर कोणी हात लावायचो नाय.” चेडू म्हणजे आमची मुलगी.

स्वातीची बस घाटात रखडली आणि ती मीटिंगच्या दिवशीच सकाळी घरी पोचली. मीटिंग अकराला होती. तिने अंघोळ केली, चांगला कुडता घातला, माजघरात कोरी भिंत पाठीशी येईल अशी खुर्ची मांडली, लॅपटॉप उघडला आणि विचारले, “बाबा, पासवर्ड?”

मी सुलभाकडे पाहिले. सुलभाने माझ्याकडे पाहिले.

“पासवर्ड काय आहे ग?” मी विचारले.

“माका म्हायत नाय!”

“तुझ्यासमोर ठेवला ना त्याने?”

“मी थयसर चाय करी होतंय. तुमका इचारूक सांगललंय तेका. तुमी खंय होतास?”

या प्रश्नाला उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी फोन घेऊन विहिरीकडे धावलो. दगडावर चढलो. अनोळखी माणसाला फोन करणे मी नेहमी टाळतो आणि ओळखीच्या माणसाला शक्यतो टाळतो. पण त्या दिवशी विचार करायला वेळ नव्हता.

“बाबी, मी मास्तर बोलतो आहे. आमच्या वायफायचा पासवर्ड काय आहे?”

पलीकडे वारा आणि बोटीचे इंजिन यांच्यातून बाबीचा आवाज आला, “माका म्हायत नाय!”

“अहो, राउटर तुम्हीच बसवलात ना?”

“व्हय!”

“मग पासवर्ड काय ठेवलात?”

“माका म्हायत नाय!”

“ठेवणाऱ्यालाच माहीत नसेल तर आम्ही कोणाला विचारायचे?”

“वयनींका इचारा! तेनीच सांगितल्यानी!”

आणि रेंज गेली. मी दगडावरून उतरून घराकडे धावलो. तोवर सुलभाच्या हातात टाचणी आली होती.

“सुलभा, पासवर्ड तूच सांगितलास म्हणे!”

“मी? मी खंय सांगितलंय?”

“तो म्हणतो, वहिनींना विचारा.”

“आणि मी म्हणतंय, माका म्हायत नाय! टोचू मी?”

“टोचू नकोस! तोही तेच म्हणतो, मला माहीत नाही!”

स्वाती खुर्चीतून उठली. “बाबा, एक मिनिट. तो नक्की काय म्हणाला?”

“मला माहीत नाही, असे म्हणाला.”

“तुमच्या भाषेत नको. त्याच्या भाषेत सांगा.”

(कोणाचेही बोलणे पुढे सांगताना ते शुद्ध करून सांगण्याची मला खोड आहे. त्यामुळे आमच्या घरात निरोप नेहमी व्याकरणशुद्ध आणि निरुपयोगी पोचतात.)

“तो म्हणाला…” मी आठवून, सावकाश म्हणालो, “माका… म्हायत… नाय.”

मग सुलभाने टाचणी असलेला हात कपाळावर मारून घेतला, आणि टाचणी लागली म्हणून ओरडली, “अगो बाय माझ्या! त्या मेल्यान ताच घातल्यान!”

स्वातीने झडप घालून लॅपटॉप पुढे ओढला. “स्पेलिंग सांगा!”

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. ज्या क्षणाची मी उभा जन्म वाट पाहत होतो तो आला होता. भाषेच्या ज्ञानावर मुलीची नोकरी अवलंबून होती! मी म्हणालो, “माका तर सरळ आहे. ‘म्हायत’ हा ‘माहीत’चाच अपभ्रंश, तेव्हा मूळ रूप धरून…”

स्वातीने मूळ रूप धरून लिहिले. लॅपटॉपने नाकारले.

“मग ‘म्ह’ जोडाक्षर धर. मात्र ‘य’साठी आय घ्यायचा की वाय, हा प्रश्न विवाद्य आहे. उच्चाराकडे पाहिले तर…”

“बाबा, व्याकरण नंतर!”

तिने आय घालून पाहिला. नाकारले. ‘नाय’ दोन तऱ्हांनी लिहून पाहिला. नाकारले. घड्याळाकडे पाहायचे नाही असे आम्ही तिघांनीही ठरवले असावे, कारण तिघेही दर क्षणाला तिकडेच पाहत होतो.

“टोचू?” सुलभाने विचारले.

“नको!” म्हणत मी पुन्हा विहिरीकडे पळालो. या खेपेला बाबीचा फोन पहिल्याच प्रयत्नात लागला. “स्पेलिंग, स्पेलिंग सांगा! एकेक अक्षर!”

तो सांगू लागला. मी ते ओरडून घराकडे पोचवू लागलो. निदान माझ्या मते मी ओरडत होतो. सुलभा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन हातवारे करू लागली : ऐकू येत नाही! फोन हातात घेऊन दगड सोडला तर बाबी जात होता, आणि दगडावर राहिलो तर अक्षर पोचत नव्हते.

कुंपणापलीकडे आमचे शेजारी इस्माईलभाय जाळे विणत बसले होते. त्यांचे आयुष्य होडीवर गेले. भर वाऱ्यात दुसऱ्या होडीशी बोलण्याचा त्यांना सराव. थोडा वेळ त्यांनी माझे हाल पाहिले आणि मग जाळे बाजूला ठेवून उठले.

“मास्तरानू, तुमचो आवाज ह्या विहिरीतल्या बेडकाक पण आयकाक जावचो नाय! माका सांगा. मी पोचयतंय.”

“एम,” मी म्हणालो.

“मोरीचो एम!” इस्माईलभाय गरजले. पोफळीवरचे कावळे उडाले. (वाऱ्यात ‘एम’ आणि ‘एन’ सारखेच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक मासा लावायचा, ही त्यांची पद्धत. मला ती अतिशय शास्त्रीय वाटली.) “मगे ए! कर्लीचो के! परत ए! परत मोरी! हलव्याचो एच! ए!”

खिडकीतून स्वातीचा आवाज आला, “पुढे?”

“वाय,” मी म्हणालो.

इस्माईलभायनी तोंड उघडले आणि तसेच ठेवले. “वायचो मासो खयचो?”

“कोणताही चालेल. नुसते वाय म्हणा.”

“तसा कसा? नुसता वाय म्हटला तर चेडू आय लिवतला! मासो होयो.” ते डोळे मिटून समुद्र आठवू लागले. “पापलेट… सरंगो… बांगडो… छ्या! वायचो मासोच नाय!”

“बाबा, पुढे काय?” स्वाती जवळजवळ रडत होती. फोनवर बाबी “हालो, हालो” करीत होता. सुलभा खळ्यात टाचणी उंच धरून उभी होती. इतकी वर्षे संस्कृत शिकवून ऐन वेळी जिभेवर आलेला ‘य’ हाच होता :

“यम! यमाचा वाय म्हणा!”

“यमाचो!” इस्माईलभायनी छाती भरून हाक दिली. “यमाचो! आयकलास गो? यमाचो!”

ती हाक स्वातीने ऐकली आणि वाडीनेही ऐकली. शेजारच्या बायका हातातली कोयती टाकून धावल्या. पलीकडच्या आळीतले पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून आले. “कोण गेला?” “मास्तर गेले?” “काल तर बरे होते!” एक बाई पदराला डोळे पुसत थेट माझ्यासमोरून गेली.

“मी आहे,” मी दगडावरून म्हणालो. अर्थात कोणाला ऐकू गेले नाही.

“मेला कोण नाय! पासवर्ड सांगतंव!” इस्माईलभायनी उलगडा केला आणि जमलेल्या समुदायासमोर उरलेली अक्षरे खणखणीत घोषित केली, “ए! तारलीचो टी! नगलीचो एन! ए! आणि परत यमाचो वाय! सगळी अक्षरा ल्हान!”

मग माजघरातून किंकाळी आली, “लागलं!”

वाडीने टाळ्या वाजवल्या. सुलभाने टाचणी पदराला खोचली. मी दगडावर खाली बसलो. ठरल्या वेळी स्वातीच्या लॅपटॉपवर तीन माणसे दिसू लागली. मधोमध चष्मा लावलेल्या, गंभीर चेहऱ्याच्या मॅडम होत्या. मी पडवीत येऊन दाराआड उभा राहिलो.

“हो मॅडम, इथे नेट उत्तम आहे,” स्वाती म्हणाली. “व्यत्यय अजिबात नाही.”

आणि मॅडम गोठल्या! तोंड अर्धे उघडे, एक डोळा मिटलेला.

“मॅडम? हॅलो? ऐकू येतंय?”

लॅपटॉपमधून तुकडे येऊ लागले, “स्वाती… तुटतंय… असं असेल तर… पुणे…”

‘पुणे’ हा शब्द मात्र अख्खा आला. सुलभाने माझा दंड धरला. “अवो, कायतरी करा! चेडू जाईत परत!”

मी राउटरकडे पाहिले. त्याचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. मग खिडकीतून बाहेर पाहिले आणि उलगडा झाला. आमचे सांत्वन करायला आलेली वाडी परत गेलीच नव्हती! खिडकीखालच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणावर, सगळे ओळीने बसले होते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. पासवर्ड तर मासळीसकट पाठ झालेला! चिऱ्याच्या भिंतीमुळे माजघरात जेमतेम जाणारे नेट खिडकीतून बाहेर दुथडी वाहत होते. कोणी सिनेमा पाहत होते, कोणी गाणी उतरवून घेत होते. मधोमध इस्माईलभाय, कुवेतला असलेल्या मुलाशी चेहरा पाहून बोलत होते, “बघ रे, मास्तरांकडे नेट आयला! बघ, माझो आवाज येता मां?”

त्यांना काय म्हणून सांगणार? आत्ताच तर त्यांनी आमच्यासाठी घसा फोडला होता! मी खाकरलो. कोणी वर पाहिले नाही. मी खिडकीशी किंचित वाकून म्हणालो, “कृपया सर्वांनी काही काळ आपापले मोबाईल बंद ठेवल्यास उपकार होतील.”

एका बाईने वर पाहिले. “काय म्हणतत?”

“पाणी होया काय, इचारतत,” दुसरी म्हणाली.

“नुको हां मास्तरानू! बरे आसंव!”

मागून पुन्हा तुकडा आला, “…सॉरी स्वाती, मला वाटतं तू आज संध्याकाळचीच…”

त्यानंतर नेमके काय झाले ते मला सांगता येणार नाही. गजांना दोन्ही हातांनी धरून मी खिडकीत उभा होतो एवढे आठवते. सुलभा म्हणते, आमच्या लग्नापासून तिने माझा तसा आवाज ऐकला नव्हता. आणि लग्नात तर मी मंगलाष्टकांनाही गप्प होतो.

“अरे मेल्यांनू! बंद करा तां नेट! माझ्या चेडवाची नोकरी जाता हयसर! बंद करा म्हणतंय मां! उठा, मेल्यांनू, उठा!”

गडग्यावरचे सगळे उठून उभे राहिले. इस्माईलभायच्या हातातला फोन खाली पडला. त्याआधीच कुवेतमधल्या मुलाने घाबरून फोन ठेवला होता. दुरून कुठे तरी मिक्सर चालू होता, तोही बंद झाला. एकामागून एक मोबाईल खिशात गेले. राउटरचे दिवे शांत झाले.

आणि त्या शांततेत, माजघरातून, शेजारी बसून बोलावे इतका स्वच्छ मॅडमचा आवाज आला, “स्वाती, हे कोण बोललं?”

“माझे… बाबा, मॅडम.”

“आम्हाला म्हणाले?”

“नाही, नाही मॅडम! शेजाऱ्यांना!”

मी दाराला टेकलो आणि डोळे मिटले. संपले सगळे! मुलीने पुण्याची बॅग अजून उघडलीही नव्हती, तेवढाच काय तो त्रास वाचला, असा एक विचार मनात येऊन गेला.

“मेल्यांनू म्हणजे काय ग?” मॅडमनी विचारले.

“ते… मित्रांनो, मॅडम. प्रेमाने.”

“अस्सं. बाकी काही असो, आवाज एकदम क्लिअर आला,” मॅडम म्हणाल्या आणि त्या हसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसेही हसली. “राहा तू तिथेच. हरकत नाही. फक्त एक कर. मीटिंग असेल तेव्हा बाबांना घरात ठेवू नकोस.”

स्वाती त्या दिवसापासून घरीच आहे. तिचा खोकला गेला, वजनही थोडे वाढले. पासवर्ड तिने बदलला आहे आणि तो मला, सुलभाला व इस्माईलभायना मुद्दामच सांगितलेला नाही. मॅडमची अटही आम्ही काटेकोर पाळतो. मीटिंगची वेळ झाली की सुलभा मला बाहेर काढते आणि दाराला आतून कडी घालते. मी एकटाच बाहेर गडग्यावर बसलेला पाहून एखादा पाहुणा तिला कारण विचारतो. तेव्हा ती खिडकीतून ओठांवर बोट ठेवते आणि हळूच सांगते, “काय करतलंव? तेंचो आवाज भारीच मोठो!”